नळी, जोड आणि माप : टायटॅनियमच्या रोड सायकलीच्या अभ्यासाची प्रस्तावना

टायटॅनियमची फ्रेम बनवून घ्यायचे ठरवून जो या विषयाकडे वळतो, त्याच्या मनात बहुधा धातूविषयीचेच प्रश्न असतात. ती खरेच हलकी असते का, गंजत नाही ना, खराब रस्त्यावर धक्के कमी बसतात म्हणतात ते कितपत खरे? प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरेही आहेत. पण थोडे खोलात गेले की लक्षात येते, फ्रेम उत्तम की सुमार हे धातूच्या नावावर फार थोडे ठरते. ते ठरते नळीच्या व्यासावर, जोडावर आणि जिच्यासाठी ती फ्रेम बनली त्या व्यक्तीच्या अंगाच्या मापावर. या विषयात नव्याने येणाऱ्याचे मनापासून स्वागत करताना मला एवढेच सुचवायचे आहे, की धातूच्या कौतुकात फार वेळ न रमता या तीन गोष्टींपाशी लवकर यावे. खरा अभ्यास तिथे आहे, आणि आनंदही.

तरी धातूची ओळख हवीच. १७९१ साली इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये विल्यम ग्रेगर या पाद्र्याला ओढ्यातल्या काळ्या वाळूत हा नवा पदार्थ सापडला. चारच वर्षांनी जर्मन रसायनज्ञ क्लाप्रोट यांनी त्याला आजचे नाव दिले. ग्रेगरना सापडलेली वाळू इल्मेनाइटची, म्हणजे लोह आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडची. हेच खनिज आपल्या कोकण किनाऱ्यावरही आहे. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या पुळणीवर ओहोटीनंतर ज्या काळ्या रेघा दिसतात, त्यांत ते असते. केरळात चवऱ्याला तर या वाळूवर मोठा उद्योग उभा आहे. तिथे २०११ पासून अवकाश कार्यक्रमासाठी टायटॅनियम स्पंजही तयार होऊ लागला.

पृथ्वीच्या कवचातल्या मूलद्रव्यांत टायटॅनियमचा क्रम नववा, म्हणजे ते दुर्मिळ मुळीच नाही. महाग पडते ते त्याला ऑक्सिजनपासून सोडवणे. लोखंडासारखे कोळशाच्या भट्टीत ते सुटत नाही. आधी क्लोरिनच्या साहाय्याने त्याचे टेट्राक्लोराइड करायचे, मग आर्गॉन वायूच्या आवरणात आठशे अंशांच्या वर मॅग्नेशियमशी त्याची अभिक्रिया घडवायची, मग जो सच्छिद्र स्पंज मिळतो तो फोडून, दाबून, निर्वातात वितळवायचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लक्झेंबर्गच्या विल्यम क्रोल यांनी घालून दिलेली ही वाट आजही मुख्य आहे. ऑक्सिजनची ही ओढ नीट लक्षात ठेवावी. धातू त्यामुळेच महाग होतो, त्यामुळेच गंजत नाही (पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट पापुद्रा क्षणात तयार होतो आणि आतल्या धातूला झाकतो), आणि वेल्डिंगही त्यामुळेच अवघड होते.

सायकलीकडे हा धातू विमानाच्या वाटेने आला. विमानातल्या हायड्रॉलिक नळ्यांसाठी अडीच टक्के व्हॅनेडियम आणि तीन टक्के ॲल्युमिनियम घातलेला मिश्रधातू वापरात आला. सायकलवाले त्यालाच ‘३-२.५’ म्हणतात. तो सायकलींत रुळण्याआधी, १९७० च्या दशकात, ब्रिटनमध्ये स्पीडवेल आणि अमेरिकेत टेलिडाइन या कंपन्यांनी टायटॅनियमच्या फ्रेमी काढल्या होत्या. १९७३ ची टूर द फ्रान्स जिंकणारा लुईस ओकान्या डोंगरातल्या काही टप्प्यांत टायटॅनियमची सायकल चालवत होता. त्या काळच्या फ्रेमी हलक्या खऱ्या, पण लवचिकपणाबद्दल त्यांची ख्याती बरी नव्हती आणि काही तडकल्याही. टेलिडाइनची तर शुद्ध टायटॅनियमची होती. मिश्रधातूपेक्षा ते पुष्कळ मऊ असते. आणि नळ्यांचे व्यास साधारण पोलादी सायकलीच्या आसपासचे ठेवलेले. चूक कुठे होती हे समजून घेतले की निम्मा विषय समजतो, म्हणून इथे थोडे आकडे मांडतो.

एखादे द्रव्य ताणले असता लांबायला किती विरोध करते, याचे माप म्हणजे त्याचा स्थितिस्थापकता गुणांक. पोलादाचा सुमारे २०५ गिगापास्कल, टायटॅनियमचा १०५ ते ११०, ॲल्युमिनियमचा ७०. घनता याच क्रमाने ७.८५, ४.५ आणि २.७ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. आता भागाकार करून पाहा. तिन्ही धातूंत वजनाच्या मानाने ताठपणा जवळजवळ सारखाच निघतो, टायटॅनियमचा तर किंचित कमीच. मग हलक्या धातूचा फायदा कशात? तो नळीच्या व्यासात आहे. पातळ भिंतीच्या नळीचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, भिंतीच्या जाडीच्या मात्र साध्या प्रमाणात. जुन्या पोलादी सायकलीची डाउन ट्यूब २८.६ मिलिमीटरची असे. तीच नळी त्याच व्यासात, त्याच जाडीत टायटॅनियमची केली तर तिचा ताठपणा निम्मा होतो. पहिल्या फ्रेमींचे नेमके हेच झाले. तो ताठपणा परत मिळवायचा तर व्यास दोनच्या घनमुळाइतक्या पटीने, म्हणजे १.२६ पट वाढवावा लागतो, आणि नळी ३६ मिलिमीटरची होते. वजन किती झाले? घनतेचे गुणोत्तर ०.५७, त्याला १.२६ ने गुणले की ०.७२. म्हणजे तेवढीच ताठ नळी आपल्या पोलादी जोडीदाराच्या वजनाच्या ७२ टक्क्यांत बसते. पोलादातही व्यास वाढवून भिंत पातळ करता येईल असे कुणी म्हणेल, आणि ते खरे आहे. पण एका मर्यादेनंतर ती भिंत इतकी पातळ होते की सायकल भिंतीला टेकवून ठेवतानाही पोचा पडेल. हलका धातू रुंद नळीलाही भरीव भिंत देऊ देतो, ही त्याची खरी देणगी.

१९८६ हे साल म्हणून महत्त्वाचे. त्या वर्षी मॅसॅच्युसेट्समध्ये मर्लिन आणि टेनेसीत लाइटस्पीड या कंपन्यांनी हे काम पद्धतशीर हाती घेतले. विमानाच्या दर्जाची ३-२.५ नळी, वाढवलेले व्यास आणि शिस्तीचे वेल्डिंग एकत्र आले. पुढे मर्लिनमधूनच बाहेर पडलेल्या रॉब वँडरमार्क यांनी १९९७ मध्ये सेव्हन सायकल्स काढली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाची फ्रेम हाच तिचा मुख्य धंदा ठेवला. कोलोरॅडोतल्या स्टीमबोट स्प्रिंग्जची मूट्स पोलादाकडून टायटॅनियमकडे वळली. आज चीनमध्येही मागणीनुसार फ्रेमी बनतात, आणि त्यांतल्या काही फार चांगल्या असतात. शान्शी प्रांतातले बाओजी हे शहर तर टायटॅनियमच्या उद्योगासाठीच ओळखले जाते. देशावरून दर्जा ठरवू नये, वेल्ड पाहून ठरवावा.

मिश्रधातूंविषयी एक मत स्पष्ट मांडतो. जाहिरातींत ‘६-४’ हा सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियमचा मिश्रधातू वरच्या दर्जाचा म्हणून मिरवला जातो, आणि त्यासाठी बरेच जादा पैसे मागितले जातात. तो ३-२.५ पेक्षा मजबूत आहे यात शंका नाही. पण दोघांचा गुणांक जवळजवळ सारखाच आहे, म्हणजे त्याच मापाच्या नळीचा ताठपणा बदलत नाही. ताकद जास्त म्हणून भिंत पातळ करावी, तर ताठपणाही घटतो आणि पोचे पडण्याचे भयही वाढते. शिवाय ६-४ ची अखंड नळी ओढणे कठीण, त्यामुळे ती पुष्कळदा पत्रा वळवून, सांधून केलेली असते. मागच्या चाकाचे ड्रॉपआउट, बॉटम ब्रॅकेटची कवचनळी, ब्रेक बसवायची जागा असे घडवलेले भाग ६-४ चे असावेत, तिथे त्याची ताकद कामी येते. नळ्यांसाठी मात्र ३-२.५ पुरेसा आहे. उरलेले पैसे चांगल्या चाकांवर खर्च करावेत.

आता जोड. माझ्या लेखी या विषयाचा गाभा हाच आहे.

वितळलेल्या टायटॅनियमला हवा लागली की ते ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हायड्रोजन शोषून घेते. त्यासाठी वितळण्याइतके, म्हणजे १,६६८ अंशांचे तापमानही लागत नाही. सव्वाचारशे-साडेचारशे अंशांपासूनच हे सुरू होते. शोषलेला वायू धातूला ठिसूळ करतो, आणि ठिसूळ जोड त्याच दिवशी मोडत नाही. हजारो किलोमीटरनंतर, लाखो धक्क्यांनंतर एखाद्या केसाएवढ्या चिरेने तो सुरुवात करतो. म्हणून वेल्डर बाहेरून टॉर्चचा आर्गॉन देतो, मागून निवणाऱ्या पट्ट्यावरही देतो आणि नळ्यांच्या आतूनही खेळवतो. नळ्या ॲसिटोनसारख्या द्रावकाने पुसलेल्या असाव्या लागतात, हातमोजे स्वच्छ असावे लागतात, बोटाचा तेलकट ठसासुद्धा चालत नाही. त्याही आधी नळीचे टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईवर अचूक बसेल असे कापलेले असावे लागते. मध्ये फट राहिली तर ती भरायला जादा धातू आणि जादा उष्णता ओतावी लागते, आणि थंड होताना फ्रेम तिरकी ओढली जाते.

हे पाहायचे कसे? फ्रेम हातात आली की डोळे जोडाजवळ न्या. चांगला वेल्ड चांदीसारखा उजळ असतो, फार तर गवती पिवळसर छटा चालते. निळा-जांभळा रंग दिसला तर आवरण अपुरे पडले असे समजावे. राखाडी किंवा पांढरी भुकटी दिसली तर ती फ्रेम परत करावी. (अॅनोडायझिंगने मुद्दाम आणलेले निळे-सोनेरी रंग वेगळे. तिथे रंगद्रव्य नसते, विजेच्या दाबाने ऑक्साइडच्या थराची जाडी ठरते आणि त्या जाडीवर प्रकाशाचा रंग.) पण बाहेरचा रंग ब्रशने घासून काढता येतो. म्हणून सीटपोस्टची जागा मोकळी असताना, बॉटम ब्रॅकेट बसवायच्या आधी, आत टॉर्च मारून पाहावे. नळीच्या आतल्या बाजूला जोडाची पाठ दिसते. ती बाहेरच्यासारखीच उजळ असेल, तर आत आर्गॉन फिरवणाऱ्याने काम मन लावून केले आहे. आतली बाजू काळसर, दाणेदार असेल तर बाहेरच्या सुबक खवल्यांवर भुलू नये. बाहेरची बाजू विकण्यासाठी नीटनेटकी केली जाते, आतली कारागिराच्या सवयीने होते.

धातूला दोष देण्याआधी चिरा पडतात कुठे हेही माहीत असावे. डाउन ट्यूब जिथे हेड ट्यूबला मिळते त्याची खालची बाजू, सीट ट्यूबची वरची फट, चेनस्टे आणि बॉटम ब्रॅकेटचा सांधा, आणि डिस्क ब्रेक आल्यापासून डावीकडचा ड्रॉपआउट. सायकल धुताना या चार जागा कापडाने कोरड्या करून निरखायच्या. नीट जोडलेले टायटॅनियम वारंवारच्या भाराखाली फार टिकते, ॲल्युमिनियमपेक्षा तर कितीतरी जास्त. लांब पल्ल्याचे लोक त्याच्याकडे वळतात ते मुख्यतः यासाठी. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये, तर नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने, रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केल्यापासून महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या सायकलिंगची गोडी वाढली. सहाशे किंवा हजार किलोमीटरच्या ब्रेव्हेवर, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या फेरीवर, निघणाऱ्याला दीडशे ग्रॅम वाचवण्यापेक्षा पंधरा वर्षे टिकणारी आणि अंगाला बसणारी फ्रेम जास्त मोलाची.

अंगाला बसणे, म्हणजेच माप, हा मागणीनुसार फ्रेम करून घेण्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. सीटच्या उंचीसाठी ग्रेग लेमाँड यांनी रूढ केलेला हिशेब, म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंतची लांबी गुणिले ०.८८३, सुरुवातीला बरा. पण सीटची उंची कोणत्याही फ्रेमवर जमवता येते. फ्रेममध्ये जे कायमचे गोठते ते वेगळे. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या माथ्यापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे रीच, उभे अंतर म्हणजे स्टॅक. टॉप ट्यूबची लांबी पाहून फ्रेम निवडू नये. लहान मापांत कंपन्या सीट ट्यूब उभी करतात, त्यामुळे टॉप ट्यूब आखूड भासते. रायडरने सीट आपल्या योग्य जागी मागे सरकवली की हँडल पुन्हा लांबच राहते.

एक उदाहरण घेऊ. उंची १५७ सेंटिमीटर असलेली एक रायडर. पुढच्या चाकाला पाऊल लागू नये म्हणून तिच्या मापाच्या तयार फ्रेममध्ये हेड ट्यूब ७१ अंशांपर्यंत झुकवलेली असते. मोठ्या मापांत ती ७३ असते. फोर्क मात्र सगळ्या मापांना एकच, ४५ मिलिमीटर पुढे झुकलेला. हँडलचा स्वभाव बऱ्याच अंशी ठरवणारे अंतर म्हणजे ट्रेल : चाकाच्या त्रिज्येला कोनाच्या कोसाइनने गुणायचे, त्यातून फोर्कचा झुकाव वजा करायचा, उरलेल्याला साइनने भागायचे. २८ मिलिमीटरच्या टायरसह त्रिज्या सुमारे ३३९ मिलिमीटर. ७३ अंशांना ट्रेल ५७ मिलिमीटर येते, ७१ अंशांना ६९. म्हणजे उंच माणसाला चपळ सायकल मिळते, तर बुटक्या रायडरला तीच सायकल वळणावर जड आणि चढावर भटकणारी. अनेक जणी वर्षानुवर्षे हा दोष स्वतःच्या माथी घेतात. तिच्यासाठी फ्रेम बनवताना फोर्कचा झुकाव ५५ केला तर ट्रेल ५९ वर येते, आणि चाकही सेंटिमीटरभर पुढे सरकून पाऊल मोकळे होते. किंवा लहान व्यासाची ६५०बी चाके घ्यावीत. मागणीनुसार फ्रेम करून घेण्याचा खरा हक्क मला अशा रायडरचा वाटतो. सरासरी उंचीच्या माणसाला तयार मापे बहुतेकदा पुरतात, आणि चांगला बिल्डर त्याला ते स्पष्ट सांगतो.

भागांच्या मापांबद्दल थोडक्यात. बॉटम ब्रॅकेट आट्यांचा घ्यावा, जुना ६८ मिलिमीटरचा बीएसए किंवा नवा टी४७. दाबून बसवायचे प्रकार टायटॅनियमच्या फ्रेमला नकोत, कारण कवचनळी वेल्डिंगच्या उष्णतेने किंचितही लंबगोल झाली तर कुरकुर जन्मभर पाठ सोडत नाही. हेड ट्यूब ४४ मिलिमीटरची असली तर आजचे बहुतेक कार्बन फोर्क बसतात. डिस्क ब्रेक असतील तर मागचा ॲक्सल १४२ बाय १२. सीटपोस्ट २७.२ चा, कारण बारीक पोस्ट थोडा लवतो आणि तेवढाच आराम देतो. टायरला किमान ३२ मिलिमीटरची जागा, कोकणात किंवा विदर्भाच्या आडरस्त्यांवर फिरायचे असेल तर ३५.

शेवटच्या आकड्यामागे कारण आहे. टायटॅनियम धक्के ‘पिते’ असे म्हणतात. फ्रेमचा मागचा त्रिकोण उभ्या दिशेने दबतो तो मिलिमीटरच्या अंशात. टायर दबतो कित्येक मिलिमीटर, सीटपोस्ट आणि सीटही फ्रेमपेक्षा जास्त. २५ च्या टायरऐवजी ३२ चा घालून हवा योग्य ठेवली तर जो फरक पडतो, त्याची बरोबरी कोणतीही नळी करू शकत नाही. म्हणून आराम हवा असेल तर बिल्डरकडे टायरसाठी जागा मागा.

देखभालीत एकच गोष्ट कधी विसरू नये. टायटॅनियम स्वतः गंजत नाही, पण त्याला चिकटलेल्या ॲल्युमिनियमला गंजवते. ओलावा आणि मीठ मिळाले की दोन धातूंत विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते. पावसाळाभर चालवलेल्या सायकलीत ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट असा पकडला जातो की तो कापून काढावा लागतो. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी सीटपोस्ट, बॉटम ब्रॅकेटच्या आट्या आणि बाटलीच्या स्क्रूंना अँटी-सीझ लावावे, आणि दर पावसाळ्याआधी व नंतर पोस्ट काढून पुसून पुन्हा बसवावा.

बिल्डर निवडताना त्याने तुम्हाला काय विचारले हे ऐका. वजन किती, कोणत्या रस्त्यांवर, सामान लावणार का, जुन्या सायकलीवर कुठे दुखते, असे विचारणारा निम्मे काम तिथेच करतो. धातूची श्रेणी आणि रंग एवढेच विचारणाऱ्याकडून मापे घेऊन उठावे. पैसे भरण्याआधी बिल्डर ड्रॉइंग पाठवतो. त्यावर रीच, स्टॅक, दोन्ही कोन, चेनस्टेची लांबी आणि बॉटम ब्रॅकेटचा उतार असतो, पण बऱ्याचदा फोर्कची मापे नसतात. फोर्क नंतर बघू असे म्हणू देऊ नका. त्याची ॲक्सलपासून माथ्यापर्यंतची लांबी दहा मिलिमीटरने बदलली तरी हेड ट्यूबचा कोन सुमारे अर्धा अंश हलतो, आणि ड्रॉइंगवरचे बाकीचे आकडे त्याच्याबरोबर. फोर्कचे नाव, लांबी आणि झुकाव त्याच कागदावर लिहून घ्या, मगच सही करा.